चक्कर कानात सुरू झाली, मुक्काम मेंदूत केला

जुलै २०१८. साताऱ्यात झड लागली होती. पहाटे पाचला चहा ठेवायला म्हणून उठले, तर खोली डावीकडे धावायला लागली. कपाट, खिडकी, बंद असलेला पंखा, सगळं एकाच दिशेने. पलंगाची कड घट्ट धरली, तरी पलंग कलतच होता. दिवसभर उलट्या झाल्या. ह्यांनी दोन्ही हातांनी धरून रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात नेलं. कानाच्या डॉक्टरांनी माझी बुबुळं निरखली, डोकं हातात धरून झटकन उजवीकडे वळवलं, आणि निदान सांगितलं: उजव्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली आहे, बहुधा विषाणूमुळे.

आठ दिवसांत गरगर थांबली. मी मात्र बरी झाले नाही. उभी राहिले की पायाखालची फरशी गादीसारखी मऊ लागायची. मंडईत गेले की आतून डुलल्यासारखं व्हायचं. फळ्यावर आकृती काढून वर्गाकडे वळले की टेबलाची कड शोधावी लागायची. एमआरआय स्वच्छ, रक्त ठीक, साखर ठीक. पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे, अंतर्कर्णाची आकृती डोळे मिटून काढू शकते. तरी मला काय होतंय हे कळायला चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत आणि त्यानंतर जे शिकले ते इथे मांडते. मी डॉक्टर नाही. शिक्षिका आहे, आणि हा आजार मी भोगला आहे.

१. कान सुधारला की तोल आपोआप सुधारतो, असं नाही.

दोन्ही कानांत मिळून सहा अर्धवर्तुळाकार नलिका आणि चार छोट्या पिशव्या. डोकं वळलं की नलिकांना कळतं. डोकं कललं किंवा गाडी सुटली की पिशव्यांना कळतं. इतकं पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं, की आपण अगदी स्थिर बसलेले असतानाही या नसा गप्प नसतात. माकडांवरच्या मोजणीत एकेका तंतूतून सेकंदाला सुमारे ९० संदेश जाताना दिसले, तेही डोकं हलत नसताना. डावा आणि उजवा कान सारखेच बोलत राहतात, आणि मेंदू त्या दोघांतला फरक तेवढा वाचतो. माझा उजवा कान एका रात्रीत गप्प झाला. डावा चालूच होता. मेंदूने त्याचा अर्थ लावला की बाई गरागरा फिरते आहे.

पुढच्या काही आठवड्यांत मेंदू हा हिशेब पुन्हा जुळवतो. बहुतेकांचा जुळतो. काहींच्या बाबतीत कान पूर्वपदावर येतो, पण मेंदू पहिल्या आठवड्यातल्या सावधगिरीतून बाहेरच पडत नाही. तो कानावर विश्वास ठेवायचं सोडतो, डोळ्यांवर नको इतका विसंबतो आणि प्रत्येक डोलण्यावर पहारा ठेवतो. निरोगी माणूसही उभा असताना थोडासा डोलतच असतो. त्याला ते जाणवत नाही, मला जाणवायचं.

२. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" याचा अर्थ "तुला काही झालेलं नाही" असा होत नाही.

त्या चौदा महिन्यांत मी काय काय ऐकलं! पित्त आहे, कोकम सरबत घे. स्पाँडिलायटिस आहे, मानेला पट्टा लाव. जाऊबाईंनी दोनदा मीठ-मोहरीने दृष्ट काढली; त्यांची माया मी विसरणार नाही. एका दवाखान्यात मात्र माझ्यादेखत ह्यांना सांगितलं गेलं, "बाईंना काही झालेलं नाही, मनाचं आहे, जरा फिरवून आणा." त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. आजार आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे एकही कागद नव्हता.

आता त्याला नाव आहे. इंग्रजीत 'पर्सिस्टंट पोस्चरल परसेप्च्युअल डिझिनेस', डॉक्टर मंडळी थोडक्यात 'थ्री-पीडी' म्हणतात. तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवशी डुलणं किंवा अस्थिर वाटणं. उभं राहिल्यावर, हालचालीत आणि डोळ्यांसमोर खूप काही हलत असताना ते वाढणं. तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटीने त्याचे निकष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. माझा आजार २०१८ चा. म्हणजे नावाची शाई वाळली नव्हती, साताऱ्यातल्या एखाद्या दवाखान्यात ते पोचलेलं नसणं मी समजू शकते. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते रॉबर्ट बारानी म्हणजे कानात कोमट-गार पाणी सोडून तोल तपासण्याच्या चाचणीचा पाया घालणारे शास्त्रज्ञ. १९१४ चं नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

पण लक्षणं जुनीच आहेत. मोकळ्या चौकातून जाताना पाय लटपटतात, अशी तक्रार करणारे रुग्ण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात होते. व्हिएन्नाच्या मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी १८७० मध्ये त्याला 'चौकातली चक्कर' म्हटलं. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी तशाच रुग्णांना पाहून 'मोकळ्या जागेची भीती' असं नाव दिलं. एकाने तोल पाहिला, दुसऱ्याने भीती. पुढे कानाचे डॉक्टर एका इमारतीत बसले, मनाचे दुसऱ्या इमारतीत, आणि रुग्ण मधल्या अंगणात उभा राहिला. मीही तिथेच उभी होते.

३. सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं सोडून द्या.

पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सप्टेंबर २०१९ मध्ये माझं निदान केलं आणि एस्सिटालोप्राम लिहून दिलं. गोळीचं नाव ओळखीचं होतं, उदासीवर देतात हे माहीत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी उदास नाही. मला चक्कर येते." त्यांनी कागद ओढला आणि मस्तिष्कस्तंभाची आकृती काढायला लागले. माझ्यासारख्या शिक्षिकेला याहून मोठा दिलासा दुसरा नव्हता.

या रेणूचा इतिहासच सांगतो की आनंदाशी त्याची गाठ बरीच नंतर घातली गेली. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरात एक पदार्थ सापडला, त्यांनी त्याला एंटरॅमिन म्हटलं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या द्रवातून रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ वेगळा केला. सीरममधला, ताण देणारा म्हणून सेरोटोनिन. पुढे कळलं की दोन्ही एकच. मेंदूत तो आहे हे बेटी ट्वारॉग यांनी दाखवलं ते १९५३ मध्ये. आजही शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटातच असतं.

मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी थोड्या आहेत. एकूण चेतापेशी सुमारे ८६ अब्ज, त्यांत या फक्त काही लाख. पण त्यांच्या फांद्या जवळजवळ सगळ्या मेंदूत आणि खाली मज्जारज्जूपर्यंत पसरलेल्या. तोलाच्या कामात सेरोटोनिन स्वतः बातमी घेऊन येत नाही. डोकं डावीकडे वळलं ही बातमी कानाची नसच आणते. ती बातमी किती मोठ्याने ऐकायची, हे ठरवण्यात सेरोटोनिनचा हात असतो. रेडिओचं स्टेशन एक असतं आणि आवाजाचं बटण दुसरं, तसं. त्यातही हे एकच बटण नाही. सेरोटोनिन पकडणारे ग्राहक चौदा प्रकारचे. तोलाच्या केंद्रांतल्या काही पेशी त्याने जाग्या होतात, काही शांत होतात. कुठल्या पेशीवर कुठला ग्राहक बसलाय यावर ते अवलंबून. म्हणून "सेरोटोनिन वाढलं की तोल सुधारतो" असं सरळ वाक्य मी वर्गात कधीच सांगत नाही.

४. भीती आणि तोल एकाच शिवणीवर आहेत.

डॉक्टरांच्या आकृतीतला हा भाग मी अजून जपून ठेवला आहे. मस्तिष्कस्तंभाच्या बरोबर मध्यरेषेवर त्यांनी टिंबांची एक उभी ओळ काढली. ही रॅफे केंद्रकं, सेरोटोनिनचं घर. रॅफे या ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. मेंदूचे डावे-उजवे भाग जिथे शिवल्यासारखे दिसतात, तिथे ही केंद्रकं असतात. तिथून एक रेघ दोन्ही बाजूंच्या तोलाच्या केंद्रांकडे गेली; ही केंद्रं प्रत्येक बाजूला मुख्यतः चार. दुसरी रेघ अमिग्डालाकडे, म्हणजे बदामाच्या आकाराच्या त्या भागाकडे जो धोक्याची घंटा वाजवतो.

मी विचारलं, "या दोन वेगळ्या पेशींच्या रेघा ना?" ते म्हणाले, "तीच तर गंमत आहे, काही वेळा एकाच पेशीच्या." पिट्सबर्ग विद्यापीठात कॅरी बालाबन आणि अ‍ॅडम हाल्बरस्टाट यांनी उंदरांच्या मेंदूत दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या खुणा सोडल्या, एक तोलाच्या केंद्रात आणि एक अमिग्डालात. खुणा तंतूतून उलट्या दिशेने पेशीकडे जातात. रॅफेतल्या काही पेशींत दोन्ही खुणा एकत्र सापडल्या. त्या पेशींत सेरोटोनिन बनवणाऱ्या होत्या, न बनवणाऱ्याही होत्या. २००६ चं हे काम. म्हणजे एकाच पेशीची एक फांदी तोलाच्या दारात आणि दुसरी भीतीच्या दारात. शिवाय तोलाची केंद्रंही स्वस्थ बसत नाहीत. पॅराब्रेकियल नावाच्या एका टप्प्यावरून त्यांची खबर अमिग्डालापर्यंत जाते. वाट दोन्हीकडून चालू आहे.

ही आकृती पाहिल्यावर "मनाचं आहे" या शब्दांनी मला दुखवणं बंद झालं. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो आणि पाय ताठ होतात. ही दोन वेगळी दुखणी नाहीत. तोल जाणं हा जमिनीवर चालणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या जिवावरचा धोका आहे. त्या तारेला भीतीची तार जोडलेली नसती तर आपण टिकलोच नसतो. माझ्या बाबतीत कड्यावरून मागे आल्यावरही घंटा वाजत राहिली, एवढंच. फ्रान्समध्ये २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जात्याच भित्र्या उंदरांचा अरुंद दांडीवरचा तोल कच्चा असतो. सेरोटोनिनवर काम करणारं औषध दिल्यावर त्यांचं उभं राहणं आणि तोल दोन्ही सुधारलं. उंदराला कुणी "मनाचं आहे" म्हणत नाही.

५. गरगर दाबणारी गोळी पहिल्या दोन-चार दिवसांची.

पहिल्या दवाखान्यातून मला मळमळ आणि गरगर थांबवणारी गोळी दिली गेली. त्या आठवड्यात ती देवासारखी धावून आली. पण ती किती दिवस घ्यायची हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली की मिळायची. मी ती पाच महिने घेतली. नंतर पुण्यात कळलं की अशा गोळ्या तोलाच्या केंद्रांना गप्प करतात, आणि गप्प केलेला मेंदू हिशेब जुळवायला शिकत नाही. त्यातल्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, विशेषतः उतारवयात, तर हातपाय कापणं, चालणं मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. आपल्याकडे घरोघरी 'चक्करची गोळी' डब्यात पडून असते आणि शेजारणीलाही दिली जाते. आमच्या घरातली मी फेकून दिली.

६. सेरोटोनिनची गोळी आधी त्रास देते, मग गुण.

एस्सिटालोप्राम सुरू केल्यावर पहिले दहा दिवस मळमळ वाढली, झोप उडाली आणि चक्करही थोडी वाढली. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नसतं तर मी तिसऱ्या दिवशीच सोडली असती. पोटातल्या सेरोटोनिनचा साठा लक्षात घेतला की मळमळ का होते ते कळतं. गुण उशिरा का येतो, त्याचंही कारण आहे. रॅफेतल्या पेशींवर त्यांचा स्वतःचाच एक ब्रेक असतो. आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की तो ब्रेक लागतो आणि पेशी आपला वेग कमी करतात. काही आठवडे गोळी चालू राहिली की ब्रेक बोथट होतो आणि मग खरा परिणाम दिसायला लागतो. म्हणून अगदी कमी मात्रेपासून सुरुवात आणि निदान दोन-तीन महिने धीर.

मला फरक कळला तो सातव्या आठवड्यात. उत्सर्जन संस्थेचा तास होता. फळ्यावर नेफ्रॉन काढला, वर्गाकडे वळले, पुढच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारला. तिचं उत्तर अर्ध्यावर आलं तेव्हा लक्षात आलं, की आपण टेबल धरलेलं नाही. डाव्या हातात डस्टर आहे आणि उजव्यात खडू.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या आजारात या गोळ्यांचा उपयोग होतो हा अनुभव पुष्कळ तज्ज्ञांचा आहे, पण खोट्या गोळीशी तुलना करून केलेल्या चाचण्यांचा पुरावा तोकडा आहे. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याला त्यांच्या निकषांत बसणारी चाचणीच मिळाली नाही. मला गुण आला, म्हणून सगळ्यांना येईल असं मी म्हणणार नाही.

७. केळी खाऊन मेंदूतलं सेरोटोनिन वाढत नाही.

केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतःच, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतो. केळी जरूर खा, पण औषध म्हणून नको.

८. गोळी बटण फिरवते, शिकावं मेंदूलाच लागतं.

हा धडा मला फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवला. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, पण वाकून ऐकणारी. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कूक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी जे व्यायाम बसवले, त्यांच्याच वंशातले हे व्यायाम, असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं. तत्त्व साधं आहे. ज्या हालचालीने चक्कर येते तीच हालचाल, थोडी थोडी, रोज.

स्वयंपाकघरातल्या टाइलवर डोळ्यांच्या उंचीवर मी एक पांढरा कागद चिकटवला, त्यावर काळ्या स्केचपेनने 'क' लिहिला. हातभर अंतरावर उभं राहायचं, नजर 'क' वर रोखायची आणि मान डावी-उजवी, डावी-उजवी हलवायची. अक्षर स्पष्ट राहिलं पाहिजे. ते पसरायला लागलं की वेग कमी करायचा. एक मिनिट, दिवसातून तीन वेळा. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत घाम फुटला आणि 'क' चा 'फ' दिसायला लागला. कान आणि डोळे यांच्यामधली ही वाट इतकी वेगवान आहे की डोकं वळल्यापासून सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलटे फिरतात. ती वाट पुन्हा मोजून-मापून बसवणं हे त्या कागदाचं काम. तो कागद भाजीच्या फोडणीचे डाग अंगावर घेऊन दोन वर्षं तिथेच होता.

दुसरा व्यायाम कोपऱ्यातला. दोन भिंतींच्या कोनात गोधडीची चौपदरी घडी, त्यावर पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. गोधडीमुळे तळव्यांची खबर पुसट होते, डोळे मिटल्याने नजरेची जाते. उरतो फक्त कान. ज्याच्यावरचा विश्वास उडालाय त्याच्याच हाती मेंदूला सोपवायचं. मी घोटे, गुडघे, मान सगळं आवळून उभी राहायची. ती मुलगी दर वेळी म्हणायची, "मॅडम, घोटे सोडा. डुला. डुलू द्या." भीतीने ताठ झालेला पाय तोल सांभाळत नाही, उलट बारीक बारीक थरथर वाढवतो. कडक होणं सोडायला मला महिना लागला.

तिसरा तिने माझ्यासाठी शोधला. सासूबाईंचं जुनं चौकड्यांचं इरकली लुगडं गच्चीत दोरीवर वाळत घालायचं आणि वाऱ्यावर हलू द्यायचं. त्याच्यासमोर उभं राहून पाच मिनिटं बघत राहायचं. मंडईत हलणाऱ्या माणसांनी, बसच्या खिडकीतून पळणाऱ्या झाडांनी मला जे व्हायचं, त्याची ही घरगुती तालीम. मग खरी मंडई. आधी दुपारी दोनला, जेव्हा निम्म्या टोपल्या झाकलेल्या असतात. मग संध्याकाळी सहाला.

आणि चालणं. प्रिन्स्टन विद्यापीठात बॅरी जेकब्स यांनी मांजरांना फिरत्या पट्ट्यावर चालवून रॅफेतल्या पेशी ऐकल्या. खालच्या बाजूच्या, मज्जारज्जूकडे तंतू पाठवणाऱ्या काही पेशी पट्ट्याचा वेग वाढेल तशा जास्त बोलतात. मज्जारज्जूत पोचलेलं सेरोटोनिन स्नायूंच्या चेतापेशींना तयार ठेवतं. चालण्याने माझी चक्कर बरी झाली असा दावा मी या प्रयोगावरून करत नाही. पण पहाटे यवतेश्वरच्या घाटात चालताना, मान दोन्हीकडे वळवून झाडं बघत जाताना, मला तो प्रयोग आठवायचा आणि पाय उचलायला बळ यायचं.

९. गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

सहा महिन्यांनी मी ठणठणीत होते. मार्च २०२०. टाळेबंदी लागली, पाकीट संपलं, आणि मी ठरवलं की आता कशाला हवी. डॉक्टरांना फोन करता आला असता, केला नाही. चूक माझी आहे. तिसऱ्या दिवशी डोळे बाजूला वळवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. झट्, झट्. जिना उतरताना कठडा धरावा लागला. मला वाटलं, आजार परतला, आणि पहिल्यापेक्षा मोठा होऊन परतला. ती रात्र मी कोपऱ्यात गोधडीवर बसून काढली.

आजार परतला नव्हता. महिनोन्महिने सेरोटोनिनच्या एका पातळीला सरावलेल्या वाटांवरून ते अचानक काढून घेतलं, म्हणून त्या बिथरल्या होत्या. या गटातल्या गोळ्या एकदम सोडल्यावर चक्कर हे सर्वांत नेहमी दिसणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे. पॅरॉक्सेटीनसारखी शरीरातून लवकर निघून जाणारी गोळी सोडली तर त्रास जास्त, फ्लुओक्सेटीनसारखी हळूहळू निघणारी सोडली तर कमी. सेरोटोनिनचं तोलाशी नातं आहे की नाही याचा याहून जवळचा पुरावा मला नको होता. डॉक्टरांनी फोनवर गोळी पुन्हा सुरू केली, दोन-तीन दिवसांत झटके थांबले. पुढच्या वर्षी आम्ही ती पाच महिने घेऊन, मात्रा थोडी थोडी उतरवत बंद केली. त्या वेळी काहीही झालं नाही.

१०. प्रत्येक चक्कर माझ्यासारखी नसते.

माझी आई त्र्याहत्तर वर्षांची. गेल्या वर्षी कूस बदलली की तिला अर्धा मिनिट गरगरायचं. मी मनात निदान करून मोकळी झाले होते: आईलाही तेच. ते साफ चुकलं. कानातल्या पिशवीवरचे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे सुटून नलिकेत गेले होते. डॉक्टरांनी तिला झोपवून मान एका ठरावीक क्रमाने वळवली, जी पद्धत जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये तपशिलाने मांडली. दहा मिनिटांत आई उठून बसली आणि म्हणाली, "झालं?" झालं होतं. गोळी एकही नाही.

उतारवयात सेरोटोनिनच्या गोळ्यांबद्दल जास्त सावध राहावं लागतं. साठी-सत्तरीपुढे त्यांच्यामुळे पडण्याचं प्रमाण वाढतं, रक्तातलं सोडियमही उतरू शकतं आणि त्यानेही झोक जातो. जी गोळी मला तोल परत द्यायला मदत करून गेली, तीच आईला पाडू शकली असती. तसंच, ही गोळी चालू असताना कुणी दाढदुखीसाठी ट्रामाडॉल दिलं तर डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं.

आणि झाडपाला आहे म्हणून काही निरुपद्रवी ठरत नाही. नात्यातल्या एका काकांनी मला सर्पगंधा घ्यायला सांगितलं होतं. सर्पगंधा साधीसुधी नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातलं रिसर्पिन मेंदूतले सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं, हे १९५५ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. माझ्या डॉक्टरांनी जे भरायला घेतलं होतं, तेच मी काकांच्या मायेपोटी उपसून काढलं असतं.

११. डॉक्टरांकडे जाताना वर्णन लिहून न्या.

"चक्कर येते" या दोन शब्दांत पन्नास आजार मावतात. मी वर्षभर तेवढंच सांगत राहिले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने अर्थ लावला. पुण्याला जाताना मात्र वहीचं एक पान भरून नेलं: खोली फिरते की मी डुलते; किती वेळ; कूस बदलल्यावर की उभं राहिल्यावर; गर्दीत वाढतं की अंधारात; ऐकू कमी येतं का; सुरुवात कुठल्या आजाराने झाली. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि मग पेन उचललं.

तुमच्या घरात कुणी भिंत धरून चालत असेल, मंडईला जायचं टाळत असेल, वर्गात, दुकानात, देवळाच्या रांगेत गुपचूप कशाचा तरी आधार शोधत असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. वही घ्या आणि ते सांगतील तसं लिहून काढा. अचानक बोलणं अडखळत असेल, एक बाजू लुळी पडत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर वही बाजूला ठेवून तडक मोठं रुग्णालय गाठा. तसं नसेल, आणि तीन महिने उलटून गेले असतील, तर ते पान घेऊन तोलाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा.